पडद्यावरील भुते आणि ख्रिस्ताची शिकवण

ह्या व्याख्यानाचा विषय जाहीर झाल्यावर काही मंडळींनी आम्हांस विचारले, की कामगारांच्या पगाराचा आणि बोनसचा हिशेब मांडणाऱ्या माणसाने भुताखेतांच्या मालिकांत आणि बायबलात कशासाठी डोके घालावे? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर एवढेच, की ज्या लोकांत आम्ही तीस वर्षे वावरलो, ते लोक दिवसभर राबून रात्री जे पाहतात त्याचा विचार करणे हेही आमच्या कामाचाच भाग आहे, असे आम्ही मानतो. माणूस कशाला भितो हे कळल्यावाचून तो कशासाठी उभा राहील हे कळत नाही.

आणखी एक गोष्ट आरंभीच सांगून टाकतो. आम्ही ख्रिस्ती नाही, आणि पंडित तर नाहीच नाही. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचे वाचन युनियनच्या कचेरीत, रात्रीच्या दिव्याखाली झाले. बायबल आम्ही वाचले ते धर्म म्हणून नव्हे, तर गरिबांच्या बाजूने बोललेले एक मोठे पुस्तक म्हणून. तेव्हा येथे धर्मोपदेश होणार नाही. एका धर्माची शिकवण दूरदर्शनच्या गूढ मालिकांत कोठे सापडते, आणि ती ओळखावी कशी, एवढेच समजून घ्यावयाचे आहे.

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. मालिकेत क्रूस दिसला, पाद्री दिसला, पवित्र पाणी शिंपडले आणि भूत किंचाळत पळाले, की ती मालिका ‘ख्रिस्ती’ झाली असे पुष्कळांना वाटते. हे बाहेरच्या पाटीवरून दुकानातला माल ठरविण्यासारखे आहे. क्रूसाच्या जागी ताईत ठेवला आणि पाण्याच्या जागी अंगारा ठेवला, तरी त्या गोष्टीत काडीइतका फरक पडत नाही. एका जोराने दुसऱ्या जोराला हरविले, एवढाच तिचा अर्थ. ख्रिस्ताची शिकवण पाहावयाची असेल तर भुताला काय दाखविले हे पाहू नये. वाईटाचा शेवट कशाने झाला हे पाहावे.

अद्भुत कथेतून धर्मविचार सांगण्याची रीत आपल्याकडे नवी नाही. चारठाणा हे हेमाडपंती देवळांचे गाव. पुराण आणि कीर्तन येथील ओट्यांवर पिढ्यान्‌पिढ्या ऐकले गेले आहे. ख्रिस्ती धर्मानेही मराठीत प्रवेश केला तो ह्याच वाटेने. इंग्लंडात जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यास आले आणि १६१६ साली त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. सुमारे ११,००० ओव्या. पहिल्या भागात जुन्या कराराची कथा, दुसऱ्यात येशूची. लिपी रोमन, पण भाषा मराठी आणि छंद आपला ओवीचा. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. त्या काळी पोर्तुगीज सत्तेने गोव्यात देवळे पाडली होती, ही गोष्ट विसरून चालणार नाही. परंतु त्याच काळात एका परक्या माणसाने आपली भाषा शिकून तिच्यात पुराण रचले, हीही गोष्ट तितकीच खरी. पुढे नारायण वामन टिळकांनी १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर येशूची कथा अभंगांतून आणि कीर्तनातून गायिली. आणि हे सारे आपल्यापासून दूरही नाही. जिंतूरहून निघालेला रस्ता आपल्या गावावरून ज्या जालन्यास जातो, त्या जालन्याजवळ एकोणिसाव्या शतकात रेव्हरंड नारायण शेषाद्री ह्यांनी बेथेल नावाची ख्रिस्ती वसाहत वसविली. सारांश, ही शिकवण आपल्या वेशीपर्यंत केव्हाच येऊन पोहोचलेली आहे.

शब्दांचीही एक मौज पाहा. कोकणातल्या हिंदू गावात ‘देवचार’ म्हणजे रात्री गावाची राखण करणारी शक्ती; तिला मान द्यावयाचा, तिच्या वाटेत आडवे जावयाचे नाही. गोव्यातला ख्रिस्ती माणूस तोच शब्द सैतानासाठी वापरतो. शब्द एक, भीतीही बहुधा एकच. परंतु तिचा अर्थ लावण्याची रीत बदलली. आज पडद्यावरच्या भुतांविषयीही आपल्याला अर्थच लावावयाचा आहे.

आता बायबलातली भुताची कथा घेऊ. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात ती आहे. गालील सरोवराच्या पलीकडे एक माणूस थडग्यांत राहत असे. लोकांनी त्याला साखळदंडांनी बांधले, ते त्याने तोडले. रात्रंदिवस तो ओरडे आणि दगडांनी स्वतःलाच ठेचून घेई. येशू तेथे आला आणि त्याने काय केले? त्याने त्याचे नाव विचारले. आतल्या भुतांनी सांगितले, की आम्ही एक नाही, मोठे सैन्य आहोत. ती भुते डुकरांच्या कळपात शिरली आणि सुमारे २,००० डुकरे कड्यावरून सरोवरात पडून मेली. आपल्या मालिका येथेच संपल्या असत्या. भूत गेले, शेवटचे संगीत वाजले, पडदा पडला.

परंतु मार्कची कथा येथून पुढे खरी सुरू होते. गावकरी धावत आले तेव्हा तो माणूस कपडे घालून शुद्धीवर बसलेला होता. हे पाहून त्यांना आनंद व्हावयास पाहिजे होता. उलट त्यांना भय वाटले, आणि डुकरांची गोष्ट ऐकल्यावर त्यांनी येशूला विनंती केली, की तुम्ही आमच्या हद्दीतून निघून जा. एक माणूस वाचला हा लाभ, आणि कळप बुडाला हा तोटा. गावाने दोन्ही तोलून पाहिले आणि गावाला माणूस हलका वाटला. कारखान्याच्या फाटकावर आयुष्य काढलेल्या आम्हांला हे तोलणे अपरिचित नाही. आणि शेवटी त्या माणसाने बरोबर येण्याची परवानगी मागितली, तर येशूने त्याला आपल्या घरी, आपल्या माणसांत परत पाठविले.

ह्या एका कथेतून आम्हांस कसोटीचे पहिले कलम मिळते. ज्याला झपाटले आहे त्या माणसाकडे कथा कसे पाहते? तो केवळ भुताचे भांडे आहे, की त्याला नाव, घर आणि परतण्याची वाट आहे? हा प्रश्न पुस्तकी नाही. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. त्याच वर्षी २० ऑगस्टला डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा पुण्यात खून झाला होता. त्या कायद्याच्या अनुसूचीतील पहिलेच कलम भूत उतरविण्याच्या निमित्ताने माणसाला दोराने वा साखळीने बांधणे, काठीने वा चाबकाने मारणे, मिरचीची धुरी देणे ह्यांविषयी आहे. शिक्षा ६ महिन्यांपासून ७ वर्षांपर्यंत. थडग्यांतल्या त्या माणसाच्या साखळ्या दोन हजार वर्षांनी आपल्या कायद्यात नमूद कराव्या लागल्या, ह्यावरून ती कथा किती जुनी आणि किती आजची आहे ते समजावे.

कसोटीचे दुसरे कलम आपल्या घरातच आहे. १९८५ साली रामानंद सागरांची ‘विक्रम और बेताल’ ही मालिका दूरदर्शनवर लागली तेव्हा ज्याच्या घरी संच असेल त्याच्या घरी सारी गल्ली जमत असे. अकराव्या शतकातल्या सोमदेवाच्या ‘कथासरित्सागरा’तही आलेली ही कथा आपणांस पाठ आहे. वेताळाची अट काय असते? उत्तर ठाऊक असून राजा गप्प राहिला तर त्याच्या मस्तकाची शकले होतील. न जाणणाऱ्याला शिक्षा नाही. जाणून मुका राहणाऱ्याला आहे. ख्रिस्ती धर्मात ज्याला पापाची कबुली म्हणतात तिच्या मुळाशी हीच जाणीव आहे. लपविलेले सत्य आतून माणूस फोडते. भुताची गोष्ट म्हणजे बहुतेक वेळा कोणी तरी दडपलेली गोष्ट. ती तोंडाने सांगितली नाही म्हणून रात्री दारे वाजविते.

हे ध्यानात ठेवून ‘रात्रीस खेळ चाले’ पाहा. झी मराठीवर ही मालिका २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू झाली; दुसरा भाग २०१९ त आणि तिसरा २०२१ त आला. सिंधुदुर्गातल्या आकेरी गावच्या वाड्यात तिचे चित्रीकरण झाले. पहिल्या भागात अण्णा नाईकांच्या मृत्यूनंतर त्यांचे कुटुंब वाड्यात जमते आणि अघटित घडू लागते. दुसऱ्या भागात कथा मागे जाते आणि जिवंतपणीचे अण्णा दिसतात: दुसऱ्याच्या जमिनीवर डोळा, अडलेल्या माणसाला नाडणे, शेवंतेचा संबंध, आणि हे सारे जाणून घर चालविणारी माई. तिसऱ्या भागात अण्णा आणि शेवंता भुते होऊन त्याच वाड्यात वावरतात. ह्या मालिकेत क्रूस नाही की पाद्री नाही. तरीही ख्रिस्ताच्या शिकवणीशी तुलना करण्याजोगे तिच्यात पुष्कळ आहे, कारण तिच्या मुळाशी असलेला प्रश्न असा, की बापाने केलेले मुलांनी फेडावे काय?

बायबलात ह्या प्रश्नाला एकच उत्तर नाही, त्यात एक झगडा आहे. निर्गमाच्या पुस्तकात वडिलांच्या अपराधाचे शासन तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत जाते असे म्हटले आहे. पुढे यहेज्केल नावाचा संदेष्टा अठराव्या अध्यायात ह्याच्या उलट निकाल देतो: ज्याचे पाप त्याचेच, मुलगा बापाच्या अपराधाचा भार वाहणार नाही. आणि योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध माणसाला पाहून शिष्य विचारतात, की पाप कोणाचे, ह्याचे की ह्याच्या आईबापांचे? येशू सांगतो, दोघांचेही नाही. अपंग मूल जन्मले, की ‘पूर्वजांचा दोष’ म्हणून पूजा सांगणारे लोक आजही दारोदार फिरतात. त्या आईबापांना हे ‘दोघांचेही नाही’ ऐकविणारा कोणी भेटला, तर त्यांच्या छातीवरचा केवढा दगड उतरेल! ज्या मालिका पिढ्यान्‌पिढ्यांच्या शापावर उभ्या असतात, त्या ह्या ठिकाणी ख्रिस्ताच्या शिकवणीपासून दूर जातात, मग त्यांत कितीही क्रूस असोत.

परंतु शाप खोटा म्हणून देणेही खोटे, असे समजू नये. लूकच्या शुभवर्तमानात जक्कय नावाचा जकातदार येतो. लोकांना लुबाडून तो श्रीमंत झालेला असतो. येशू त्याच्या घरी उतरतो, तेव्हा जक्कय उभा राहून सांगतो, की माझी अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याला ज्याला फसविले त्याला चौपट परत करतो. ही खरी कबुली! तिच्यात अश्रूंपेक्षा हिशेब अधिक आहे. अण्णा नाईकांनी जिवंतपणी बळकावलेल्या जमिनींचे सातबारे ज्यांचे त्यांना परत केले असते, तर भूत होऊन फिरण्याची पाळी त्यांच्यावर आली नसती आणि मालिकाही पहिल्याच आठवड्यात संपली असती.

आता एका परदेशी मालिकेकडे वळू. कारण तिच्यात ख्रिस्ती खुणा आणि ख्रिस्ताची शिकवण ह्या दोन वेगळ्या वस्तू समोरासमोर ठेवलेल्या आहेत. माइक फ्लॅनगन ह्या अमेरिकन दिग्दर्शकाची ‘मिडनाइट मास’ ही सात भागांची मालिका २०२१ च्या सप्टेंबरात नेटफ्लिक्सवर आली. प्रत्येक भागाला बायबलातील पुस्तकाचे नाव दिले आहे. कथा आहे १२७ वस्तीच्या एका मासेमारी बेटाची. समुद्रात तेल सांडून धंदा बसलेला. मिळालेल्या नुकसानभरपाईतले पैसे देवळाच्या कामासाठी देण्याचा आग्रह बेव्ह नावाच्या एका कर्मठ बाईने लोकांना केलेला. अशा गावात एक तरुण पाद्री येतो आणि चमत्कार घडू लागतात. वस्तुतः तो गावचाच म्हातारा धर्मगुरू असतो. यात्रेत वाट चुकून तो एका गुहेत शिरला. तेथे रक्त पिणारा एक पंखधारी प्राणी त्याला भेटला, त्याच्या रक्ताने तो तरुण झाला, आणि त्या प्राण्यालाच देवदूत समजून त्याने त्याला गावात आणले. प्रसादाच्या द्राक्षारसात तो ते रक्त मिसळतो. म्हातारे सरळ चालू लागतात, अधू डोळ्यांना नीट दिसू लागते, देऊळ भरते, आणि शेवटी सारे गाव नासते.

ह्या मालिकेत क्रूस, स्तोत्रे, प्रार्थना ह्यांना तोटा नाही. तरी वाईट आले ते देवळाच्या दारातूनच. पाद्र्याच्या मनात एक जुनी गोष्ट होती: गावातल्या एका स्त्रीवर त्याचे प्रेम, तिच्यापासून झालेली मुलगी, आणि तिचे म्हातारपण परतविण्याची इच्छा. ही गोष्ट त्याने गावाला सांगितली नव्हती. दडलेल्या इच्छेला त्याने देवाची इच्छा असे नाव दिले. आमच्या मते मालिकेतला मोठा राक्षस तो पंखांचा प्राणी नव्हे. हे नामांतर हाच तो राक्षस.

मग ख्रिस्ताची शिकवण तिच्यात कोठे आहे? दोन प्रसंगांत आहे. लीझा नावाची मुलगी चाकांच्या खुर्चीवर असते, कारण जो नावाच्या दारुड्याच्या बंदुकीची गोळी चुकून तिला लागलेली. ती चालू लागते तेव्हा एक दिवस त्याच्या दारी जाते. ती लगेच क्षमा करीत नाही. प्रथम त्याने तिचे काय काय हिरावून घेतले, ती त्याचा किती द्वेष करते, हे सारे त्याच्या तोंडावर सांगते. आणि मग क्षमा करते. त्यानंतर तो दारू सोडण्याच्या वाटेला लागतो. दुसरा प्रसंग रायलीचा. दारू पिऊन गाडी चालविताना त्याच्या हातून एक मुलगी मेलेली, त्यासाठी चार वर्षे तुरुंग भोगलेला. तो त्या रक्तपिपासू प्राण्याच्या तावडीत सापडून त्यांच्यातलाच एक होतो, आणि ऊन लागले की मरणार हे जाणून पहाटे आपल्या मैत्रिणीला होडीतून समुद्रात नेतो, सारे सत्य सांगतो, आणि तिचे रक्त न पिता तिच्यासमोर उगवत्या सूर्यात जळून जातो. पाद्र्याच्या चमत्काराने जे झाले नाही ते ह्या पापी माणसाच्या त्यागाने झाले: दुसऱ्याला सत्य कळले आणि लढण्याचे बळ मिळाले.

लीझेच्या प्रसंगावर थोडे थांबले पाहिजे. कारण क्षमा ह्या शब्दाचा आपल्याकडे फार गैरवापर होतो. ज्याच्यावर अन्याय झाला त्यालाच क्षमेचा उपदेश करावयाचा आणि ज्याने केला त्याला हार घालावयाचा, ही रीत सर्व धर्मांच्या नावाने चालते. माईचे मुकाट सोसणे पाहून प्रेक्षक हळहळतो आणि तिला देवता म्हणतो. आमच्या मते ती देवता नव्हे, तोंड बांधलेली बाई आहे. क्षमा म्हणजे मुकाट सोसणे नव्हे. आधी अपराधाचे नाव घ्यावयाचे, मोठ्याने घ्यावयाचे, आणि मग सूड सोडावयाचा. ह्या क्रमाला क्षमा म्हणतात. पहिली पायरी गाळली तर उरते ती भीती.

येथे कोणी म्हणेल, की ह्यात केवळ ख्रिस्ती असे काय आहे? अंगुलिमाल बुद्धांपुढे शस्त्र टाकतो; अंगावर थुंकणाऱ्यावर एकनाथ महाराज रागावत नाहीत. आक्षेप बरोबर आहे आणि आम्हांला तो आवडतो. पाण्याला विहिरीचे नाव असते, तहानेला नसते. तरी प्रत्येक विहिरीची चव निराळी. अपराध्याचे देणे निरपराध माणसाने आपण होऊन अंगावर घ्यावे आणि त्यामुळे अपराधी बदलावा, ह्या एका विचारावर ख्रिस्ती धर्माने जेवढा भर दिला तेवढा क्वचितच कोणी दिला असेल.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ह्या मालिका अंधश्रद्धा वाढवितात, मग त्यांत धर्मविचार शोधून त्यांना प्रतिष्ठा का द्यावी? ‘रात्रीस खेळ चाले’वरही २०१६ साली असे आक्षेप आले होते. आम्ही एक पाहिलेली गोष्ट सांगतो. कापसाच्या एका जिनिंगमध्ये कामगाराचा हात पट्ट्यात गेला. दुसऱ्याच दिवशी कुजबुज सुरू झाली, की त्या यंत्रात काही तरी आहे. मालकाने नारळ फोडला, लिंबू-मिरची बांधली आणि कामगारांचे समाधान झाले. पट्ट्यावर लोखंडी जाळी नव्हती, ही गोष्ट भुताच्या आड लपून गेली. जाळी बसविण्यासाठी आम्हांस तीन महिने भांडावे लागले. भुताची गोष्ट अशी दोन प्रकारे वापरता येते. एक प्रकार अपराध्याला लपवितो. दुसरा त्याला शोधून काढतो. पहिला प्रकार आम्ही फेकून देऊ. दुसरा मात्र जपावा लागेल, कारण न्याय मागणाऱ्या मेलेल्या माणसाची गोष्ट ही गरिबांची जुनी फिर्याद आहे.

तेव्हा श्रोतेहो, मालिका पाहू नका असे आम्ही सांगणार नाही. सांगितले तरी कोणी ऐकणार नाही. पाहताना चार प्रश्न विचारा. झपाटलेल्या माणसाला ही कथा माणूस म्हणून घरी पोहोचविते काय? दडपलेले सत्य शेवटी कोणाच्या तोंडून बाहेर पडते काय? ज्याचे घेतले त्याचे त्याला परत मिळते काय? आणि शेवट मंत्राच्या जोराने होतो, की कोणी तरी दुसऱ्यासाठी काही सोडल्याने होतो? ज्यांना मूळ कथा वाचावयाच्या असतील त्यांनी फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांचे ‘सुबोध बायबल’ पाहावे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, आपल्या मराठवाड्यातच ते मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. २०२४ साली ते वारले. त्यांची मराठी कोणाही साध्या वाचकाला कळेल अशी आहे.

चारही प्रश्नांची उत्तरे ‘होय’ आली तर त्या मालिकेत क्रूस नसला तरी ख्रिस्ताची शिकवण आहे, असे खुशाल समजावे. ‘नाही’ आली तर संच बंद करून झोपावे. आणि उद्या गल्लीतल्या एखाद्या बाईला कोणी भूतबाधा झाली म्हणून बांधून ठेवू लागला, तर तेथे मात्र झोपून चालणार नाही. उठून जावे, तिचे नाव विचारावे, आणि ते नाव घेऊन पोलीस ठाण्याची पायरी चढावी.